कानाने निवडलेले बाण

जुळे सोलापुरात मी राहायला आले तेव्हा माझ्या खिडकीसमोर शाळूचं एक रान अजून शिल्लक होतं. तिन्ही बाजूंनी इमारती उठल्या होत्या, सिमेंटच्या गोण्या पडल्या होत्या, आणि मधोमध कुणा हट्टी माणसाने आपलं काळं रान पेरून ठेवलेलं. पौषात कणसं भरली की त्या रानातून वारा जाई आणि पानांवर पानं घासून एक कोरडा आवाज उठे. शेजारच्या वहिनी म्हणायच्या, बाई, खिडकी उघडी ठेवा, किती छान वारा येतोय. मी हो म्हणायची आणि त्या गेल्या की खिडकी लावून घ्यायची. त्यांना वाटायचं, म्हाताऱ्या बाईला थंडी बाधते.

माझे डोळे अधू झालेत, गुडघे बोलतात, पण कान अजून शाबूत आहेत. शाळेत चाळीस पोरींच्या गलक्यात मागच्या बाकावरची कोण पुटपुटली ते मला कळायचं. मुली म्हणायच्या, बाईंना पाठीला कान आहेत. मी हसायची. या कानाचं कौतुक मला कधीच सोसलेलं नाही.

एकोणीसशे तीस सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. माण नदीच्या काठी, सांगोल्याच्या अंगाला आमचं गाव. आम्ही मेंढरं पाळणारी माणसं. पाऊस नावालाच, पण नदीकाठच्या काळ्या पट्ट्यात शाळू असा यायचा की त्यात उभा माणूस दिसायचा नाही. दिवाळीनंतर आमची मेंढरं लोकांच्या रानात बसायची. मेंढरांच्या लेंड्या-मुताने रान सकस होतं, म्हणून शेतकरी बोलावून न्यायचे. आई मी अकरा वर्षांची असताना गेली. मागे आबा, माझा थोरला भाऊ बिरा आणि मी. चूल माझ्याकडे आली म्हणून माझं लग्न लांबलं, नाहीतर आमच्यात पोरी पंधराव्या वर्षापर्यंत बापाच्या घरी राहत नसत.

बिरा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. अंगाने काटक, बोलायला कमी. लहानपणी कान फुटून त्याचा उजवा कान पार गेला होता. डाव्याने बोललेलं कळायचं, पण बारीकसारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचत नसत. कोकरू लांब ओरडलं तर मी सांगायची आणि तो पळायचा. दिशा माझी, पाय त्याचे. लहानपणापासून आमचं असंच चाललेलं.

त्याच्याकडे एक कामठा होता. कामठा म्हणजे धनुष्य. आमच्याकडे तोच शब्द. मेंढरं घेऊन तो एकदा घाटाकडे गेला होता, तिथून त्याने धामणीच्या झाडाची सरळ काठी आणली. वर्षभर ती आढ्याला धुरावर टांगून ठेवली, मग विळ्याने थोडी थोडी तासत बसला. मधे मूठभर जाड, दोन्ही टोकांकडे निमुळता. दोरी लोकर पिंजायच्या तांतीची. त्या तांतीवर बोट मारलं की ती गुणगुणायची. बिराला ते ऐकू येत नव्हतं. तो तांत दातात धरायचा आणि दातातून तिचा सूर त्याला कळायचा.

हे सगळं त्याला शिकवलं तमण्णाकाकांनी. काका अक्कलकोटच्या पलीकडचे, कानडी मुलखातले. पाटलाच्या रानात राखणीला होते. तरुणपणी म्हणे त्यांनी रानडुकरं मारली होती. आम्हाला भेटले तेव्हा त्यांचे हात थरथरायचे, पण बाण हातात घेतला की थरथर थांबायची. त्यांचं मराठी अर्धं कानडीत बुडलेलं. बाण निवडताना ते दोनच शब्द म्हणायचे. ‘नोडु,’ म्हणजे बघ. मग ‘केळु,’ म्हणजे ऐक.

लोकांना वाटतं शिकार म्हणजे नेम. काकांच्या मते नेम शेवटी येतो आणि तोही निम्मा बाणाचा असतो. आमचे बाण बोरूचे. शाळेत आम्ही ज्या बोरूने लिहायचो तोच. नदीच्या वळणावर त्याचं दाट बेट होतं. करंगळीएवढा जाड, पेरं लांब लांब असलेला, थंडीत कापलेला बोरू घ्यायचा. पावसाळ्यातला ओला बोरू वाळताना वाकतो. सावलीत तो महिनाभर वाळवायचा. मग ऊन राखेत फिरवून, हाताने हळूहळू दाब देत सरळ करायचा. पुढे लोहाराने केलेलं पातं, मागे घारीची पिसं, एकाच पंखाची. डाव्या पंखाचं एक आणि उजव्या पंखाचं एक बसवलं तर बाण भांडत जातो, असं काका म्हणायचे.

आणि मग निवड. पंधरा-वीस बाणांतून चार-पाच घ्यायचे. आधी एक डोळा मिटून, बाण उजेडाकडे धरून त्याच्या अंगावरून नजर न्यायची. कुठे वाक असेल तर सावली अडखळते. मग डाव्या अंगठ्याच्या नखावर ठेवून गरकन फिरवायचा. सरळ बाण नखावर गुळगुळीत फिरतो, वाकडा थडथडतो. मग बोटावर तोलून जडपणा बघायचा. कामठ्याच्या ताकदीला बाणाचा ताठपणा जुळला पाहिजे. लेचा बाण सुटताना वळवळतो आणि भलतीकडे जातो. सगळ्यात शेवटी, बाणाची दोन टोकं धरून कानाजवळ न्यायची आणि त्याला अगदी थोडा वाकवायचा. निरोगी बोरू गप्प राहतो. आत बारीक चीर असेल तर टिच् असा आवाज येतो. मुंगी काडीवरून पडावी, एवढाच. चीर डोळ्याला दिसत नाही. कानालाच कळते.

ते ऐकणं बिराला जमत नव्हतं. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. काकांनी मला शेजारी बसवून दहा चांगले आणि दोन चिरलेले बाण मिसळून दिले होते. मी दोन्ही चिरलेले बाजूला काढले. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बिराला म्हणाले, आता तुला तिसरा कान मिळाला. त्या दिवशी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. त्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं की चिरलेला बाण कधी दोरीला लावू नये. दोरीचा धक्का बसला की तो मधेच फुटतो आणि त्याची धार कामठा धरलेल्या हातात घुसते. ‘फुटका बाण सोडणाऱ्यालाच खातो,’ असं ते म्हणाले होते. मी ते ऐकलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत राहिले की मला ते ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी लांडग्यांची एक जोडी आमच्या मागे लागली. कार्तिकात एक कोकरू गेलं, मार्गशीर्षात तीन. कुत्री म्हातारी झाली होती. आबांचा जीव टांगणीला लागला. मेंढरं हेच आमचं रान, हेच घर. बिराने मनावर घेतलं की लांडगा मारायचाच.

त्याच महिन्यात आबांनी माझी सोयरीक आणली. मंगळवेढ्याकडचं घर. साटंलोटं करायचं ठरलं, म्हणजे त्यांची मुलगी आमच्या घरात आणि मी त्यांच्या घरात. त्यांची मुलगी शेवंता बिराला बिरोबाच्या जत्रेत दिसली होती. तो काही बोलला नव्हता, पण जत्रेहून आल्यावर दोन दिवस तो उगाचच मेंढरांना पाणी पाजत होता. मला ज्याला द्यायचं ठरलं तो शेवंताचा चुलता. पहिली बायको वारलेला, चाळिशीकडे झुकलेला. मी त्याला एकदा पाहिलं होतं. माणूस वाईट नव्हता. जेवताना मान वर करत नव्हता, एवढंच मला आठवतं.

मी चौथी पास झाले होते. गावच्या मास्तरांनी आबांना एकदा सांगितलं होतं की पोरगी हुशार आहे, सोलापूरला मुलींना पुढे शिकवतात. आबा हसले होते. मीही हसले होते. पण ते वाक्य मी कुणाला न सांगता जपून ठेवलं होतं.

सोयरीक ठरली त्या दिवशी मी वाट पाहत होते की बिरा काहीतरी बोलेल. माझ्या बाजूने एक शब्द. तो आला, ओसरीवर बसला, आबांनी सगळं सांगितलं. तो खाली बघून हसला. खूश झालेल्या माणसाचं ते हसू होतं, आणि ते त्याला लपवता येत नव्हतं. मी भाकऱ्या थापत होते. परातीत पाणी जास्त झालं, पीठ पातळ झालं, पुन्हा पीठ घातलं. मला कुणी विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही. आमच्या घरात बोलायची रीत नव्हती, असं मी आता म्हणते. खरं तर बिराशी मी सगळं बोलायची. त्या दिवशी मात्र मला वाटत होतं की मी न बोलता त्यानेच समजून घ्यावं.

आठ दिवसांनी शेवंताचे वडील सुपारी फोडायला आले. लांडग्याची गोष्ट निघाली. दुसऱ्या दिवशी पहाटेला बिरा तमण्णाकाकांबरोबर शाळूच्या बांधावर दबा धरून बसणार होता. पाहुणे म्हणाले, मीही येतो, जावयाचा नेम बघू. बिराचे कान लाल झाले. दुपारी पाहुणे झोपले तेव्हा त्याने परसात घोंगडं अंथरलं, चौदा बाण ओळीने मांडले आणि मला हाक मारली.

ऊन कलतं होतं. शाळूचं रान परसाला लागूनच होतं आणि वारा त्यातून सारखा जात होता. मी घोंगड्यावर बसले. एकेक बाण उचलला, पाहिला, नखावर फिरवला, तोलला. पाच वाकडे निघाले, दोन लेचे. उरलेले सात कानाशी नेऊन वाकवले. वाऱ्यामुळे नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून मी पदर डोक्यावरून घेऊन कानाभोवती आडोसा केला. बिरा समोर उकिडवा बसून माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला आवाज येत नसे. माझ्या चेहऱ्यावरूनच तो ओळखायचा. मी भुवया आक्रसल्या की बाण गेला. पहिल्या चारांतले दोन तसे गेले.

पाचवा बाण सगळ्यांत देखणा होता. पेरं लांब, रंग मधासारखा, नखावर असा फिरला की जणू पाण्यात फिरतोय. बिराने तो स्वतः सरळ केला होता. मी तो कानाशी नेला आणि वाकवला.

टिच्.

मी भुवया हलवल्या नाहीत. बिरा बघत होता. त्याचा चेहरा इतका आनंदी होता, उद्याच्या विचाराने इतका भरलेला, की मला तो बघवेना. मी बाण खाली ठेवला, निवडलेल्यांत.

तेव्हा माझ्या मनात काय होतं, हे मी पन्नास वर्षं शोधते आहे. मला वाटतं, तो बाण वाकडा जावा, पाहुण्यासमोर त्याची फजिती व्हावी, त्याला एकदा तरी लहान वाटावं, एवढंच मला हवं होतं. असं मला वाटतं. पण काकांचं वाक्य मला माहीत होतं, आणि माहीत असलेलं माणूस त्या क्षणी कुठे ठेवतं, ते मला आजही सांगता येत नाही. सातही झाल्यावर मी हात झटकले आणि म्हणाले, हे पाच घे. त्याने ते बांधले. मग तो आत गेला आणि माझ्यासाठी गूळ घेऊन आला. मी खाल्ला.

सकाळी मी शेण काढत होते. धुकं होतं. आधी काकांचा आवाज आला, मग पाहुण्यांचा. बिराला दोघांनी धरून आणलं. तो स्वतःच्या पायांनी चालत होता. डावा हात त्याने उजव्या हातावर, लहान मूल घ्यावं तसा घेतला होता, आणि अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधून बोरूची एक लांब कांडी आत जाऊन मनगटापाशी बाहेर आली होती. लांडगा समोरून आला होता, चांगला पंचवीस पावलांवर. बिराने पहिला बाण दोरीला लावला तो तोच, देखणा.

काकांनी कांडी उपसली. बिरा ओरडला नाही, पण त्याच्या तोंडातून जो श्वास बाहेर पडला तो मला ऐकू आला. मी हळद आणि गरम तेल आणलं. माझे हात नीट काम करत होते, याचं मला तेव्हाही नवल वाटलं.

हात बांधून झाल्यावर काकांनी बाणाचे तुकडे गोळा केले. चिरेत आत बारीक काळी धूळ बसलेली होती. नव्या चिरेत धूळ नसते. त्यांनी तो तुकडा बराच वेळ बोटांत फिरवला आणि माझ्याकडे वळले.

“तू ह्याला ऐकलं होतंस?”

“ऐकलं,” मी म्हणाले. “गप होता.”

तेवढ्यात बिरा म्हणाला की सकाळी बांध उतरताना त्याच्या हातून बाणांची जुडी दगडावर पडली होती, तेव्हाच हा चिरला असणार. “तिनं नीट दिलं हुतं. मीच पुन्यांदा बगाय पायजे हुतं,” तो म्हणाला. त्याला वेदनेने बोलवत नव्हतं, तरी त्याने ते वाक्य पुरं केलं. काकांनी तुकडा मुठीत घेतला आणि बाहेर गेले. पुढे ते दोन वर्षं आमच्या गावात होते. भेटले की तब्येत विचारायचे. बाणाबद्दल त्यांनी माझ्याजवळ पुन्हा अवाक्षर काढलं नाही, आणि माझ्या डोक्यावर कधी हातही ठेवला नाही.

चौथ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. आबांनी गाडी जुंपली, सांगोल्याला नेलं, तिथून रेल्वेने कुर्डुवाडी आणि मग सोलापूर. मी बरोबर गेले, कारण त्याला भाकरी कोण करून घालणार. सोलापूर मी पहिल्यांदाच पाहत होते. गिरणीचा भोंगा वाजला की मी हातातलं सोडून उभी राहायची. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी हात वाचवला, पण अंगठा आणि पहिलं बोट काढावं लागलं. आम्ही तीन आठवडे धर्मशाळेत राहिलो. मी तीन दगडांवर भाकरी करायची आणि फडक्यात बांधून न्यायची. बिरा उजव्या हाताने खायचा. डावा हात पांढऱ्या पट्टीत, मांडीवर ठेवलेला. तो त्याच्याकडे बघायचा नाही.

आम्ही सोलापुरात असतानाच मंगळवेढ्याहून निरोप आला. ज्याला मेंढरू धरून कातरता येत नाही त्याला मुलगी कशी द्यायची, असं शेवंताच्या वडिलांचं म्हणणं. त्यात काही खोटं नव्हतं. कातरायला एका हातात कातर लागते आणि दुसऱ्या हातात मेंढरू. साट्यालोट्याची एक गाठ सुटली की दुसरी आपोआप सुटते. शेवंताचं लग्न मोडलं, तसं माझंही मोडलं.

आबांनी हे सांगितलं तेव्हा मी दवाखान्याच्या ओसरीच्या खांबाला टेकून उभी होते. मला काय वाटलं तेही लिहिते. मला सुटल्यासारखं वाटलं. क्षणभर का होईना, अंगावरून ओझं उतरल्यासारखं. त्याच क्षणी आत खाटेवर माझा भाऊ भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्या दोन गोष्टी मला कधीच एकमेकींपासून वेगळ्या करता आल्या नाहीत.

पुढचं तर आणखी अवघड आहे. दवाखान्याच्या रस्त्यावरून रोज सकाळी शाळेच्या मुली जायच्या. वेण्या घातलेल्या, हातात पाट्या-पुस्तकं. बिरा त्यांना खिडकीतून बघायचा. घरी निघायच्या आदल्या दिवशी त्याने आबांना सांगितलं की हौसाला, म्हणजे मला, इथं ठेवा, शिकू दे. आबा रागावले. बिरा म्हणाला, माझ्यामुळे तिचं लग्न मोडलं, आता तिचं काहीतरी माझ्यामुळे व्हायलाही पाहिजे. त्यांनी निघणं दोन दिवस लांबवलं आणि मग ते कबूल झाले. मुलींच्या वसतिगृहात माझी सोय लागली. माझी ट्रंक बिरानेच खांद्यावर आणली, एका हाताने तोलत.

मी शिकले, मास्तरीण झाले, हेडबाई झाले. अडतीस वर्षं नोकरी केली. माझ्या निरोप समारंभात एक मुलगी भाषणात म्हणाली, बाईंनी स्वतःच्या हिमतीवर आयुष्य घडवलं. मी टाळ्या वाजेपर्यंत खाली बघत राहिले. माझं आयुष्य कशावर घडलं, ते मला माहीत होतं.

बिराने बत्तिसाव्या वर्षी लग्न केलं, एका विधवेशी. चांगली बाई होती. दोन मुलं झाली. मेंढरं हळूहळू कमी झाली, कामठा आढ्यावर गेला आणि एका उन्हाळ्यात त्याला वाळवी लागली. बिराने त्या सकाळची एक गोष्ट मात्र तयार केली होती आणि ती तो सगळ्यांना सांगायचा. पोरांना, नातवंडांना, पारावरच्या माणसांना. जुडी दगडावर कशी पडली, आपण कसे माजात होतो, पाहुण्यासमोर घाईत बाण पुन्हा तपासला नाही. शेवटी डावा हात वर करून म्हणायचा की हातातनं पडलेली वस्तू पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नये. त्याची मुलं विहिरीच्या मोटेचा दोर, बैलाचं जू, सगळं दोनदा तपासायची. गावात म्हणायचे, बिरूअण्णाच्या घरची माणसं जपून असतात. त्या चुकीवर त्याने एक शहाणपण उभं केलं होतं. ती चूक त्याची नव्हतीच.

मी दर सुट्टीत घरी जायची आणि ती गोष्ट ऐकायची. दर वेळी वाटायचं, आज सांगावं. दर वेळी जेवणं व्हायची, भांडी घासायची असायची, नाहीतर गाडीची वेळ व्हायची. माणसाला न सांगण्यासाठी कारणं शोधावी लागत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत बिरा मला भेटायला इथे आला. आता तोही थकलाय. मुलाने त्याला एस्टीत बसवून दिलं होतं, मी स्टँडवरून रिक्षाने आणलं. येताना त्याने पिशवीभर हुरड्याची कणसं आणली होती. मी गॅसवर जाळी ठेवून ती भाजली. गोवऱ्यांची चव नाही, असं तो म्हणाला, पण खात होता. खिडकी त्यानेच उघडली होती. समोरच्या रानातून वारा आला, पानं वाजली. त्याला तो आवाज ऐकू आला नसणार. तो कणीस चोळत होता, उजव्या तळव्याने, डाव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांत धरून. इतक्या वर्षांत त्याने ते धरायची एक युक्ती बसवली होती. एक दाणा खाली सांडला नाही.

मी सांगितलं. त्याच्या डाव्या कानाशी वाकून सांगितलं, कारण ओरडून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. घोंगडं, चौदा बाण, पाचवा बाण, आवाज. मला तो ऐकू आला होता, असं मी दोनदा म्हणाले, कारण पहिल्यांदा त्याला कळलं की नाही ते समजेना.

त्याला कळलं होतं. तो कणीस चोळायचा थांबला. मग म्हणाला,

“तुला माजा राग आला हुता का?”

“व्हय.”

“कशापायी?”

“लग्नापायी.” इतक्या वर्षांच्या शहरी बोलण्यातून मी क्षणात गावाकडच्या बोलीवर आले होते. “मला जायचं न्हवतं तितं. आन तू हसलास.”

तो माझ्याकडे बघत राहिला. राग दिसला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याच्या चेहऱ्यावर गोंधळ होता. पावसात चुकलेल्या माणसाने वाट विचारावी आणि त्याला कळावं की आपण सकाळपासून उलटंच चालतोय, तसा.

“मग तवाच सांगायचंस की, हौसे,” तो म्हणाला. “मी मोडली असती सोयरीक.”

त्याने उरलेलं कणीस चोळून पुरं केलं. दाणे वाटीत घातले आणि वाटी माझ्याकडे सरकवली. मग त्याने गाडीची वेळ विचारली. मी म्हणाले, राहा की आज. तो म्हणाला, न्हाई, घरी वाट बघत्याल.

त्यानंतर तो दोनदा येऊन गेला. आम्ही बोलतो, नातवंडांचं, पावसाचं, गुडघ्यांचं. त्याचा लहान नातू मला म्हणाला की आजोबा आता हाताची गोष्ट सांगत नाहीत, विचारलं तर म्हणतात, इसरलो. ती गोष्टही मीच त्याच्याकडून काढून घेतली.

शेवंता त्याला किती आवडली होती ते मला माहीत आहे. साट्यालोट्यातली एक गाठ सोडायची म्हणजे स्वतःची सोडायची, हे त्यालाही तेव्हा ठाऊक असणार. त्याने खरंच मोडली असती का? कधी वाटतं, म्हातारपणी बहिणीचं मन राखायला म्हणाला असेल. कधी वाटतं, मोडली असती, त्याच दिवशी, आबांसमोर उभं राहून. बाणाला आत चीर आहे की नाही हे कळायला मी त्याला कानाशी नेऊन वाकवून बघायची. भावाला काय वाटतं, हे मी एकदाही विचारून पाहिलं नव्हतं.